रस्ता वाहनांचा की माणसांचा?



शहराची वाढ प्रथम डोळ्यांत भरते ती त्याच्या रस्त्यांवर. सायंकाळी पुण्याच्या स्वारगेट चौकात क्षणभर उभे राहावे. दुचाक्यांच्या दाटीत एक बस अडकलेली असते आणि तिच्यात पन्नास-साठ माणसे असतात. शेजारच्या मोटारीत बहुधा एकच गृहस्थ असतो. रस्ता मात्र दोघांनाही अडलेलाच! या विषमतेवर उपाय म्हणून जलद बस वाहतुकीची, म्हणजे बीआरटीची कल्पना पुढे आली.

ब्राझीलमधील कुरितिबा नगरीने १९७४ साली बससाठी स्वतंत्र मार्गिका राखली. कोलंबियाच्या बोगोटा शहरात डिसेंबर २००० मध्ये अशीच सेवा सुरू झाली. तत्त्व सोपे आहे. बसला मोकळी वाट द्यायची, तिकीट चढण्यापूर्वीच घ्यायचे आणि फलाट बसच्या उंचीचा ठेवायचा. थांब्यावरचा वेळ वाचला की तीच बस अधिक फेऱ्या करते. मेट्रोच्या मानाने खर्चही कितीतरी कमी.

भारतात या प्रयोगाचा पहिला मान पुण्याचा. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर तो सुरू झाला. परंतु मार्गिका सलग नव्हती, बसगाड्या अपुऱ्या होत्या आणि रस्त्याच्या मध्यावरील थांबा गाठताना पादचाऱ्याचा जीव टांगणीला लागे. मार्गिका रिकामी दिसली की दुचाकीस्वार तीत शिरत. २०१५ पासून सुधारित स्वरूपात नवे मार्ग सुरू झाले खरे. पण पुढे नगर रस्त्यावरील मार्गिकेचा भाग काढून टाकण्यात आला.

दिल्लीची कथा अधिक बोलकी आहे. २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. मोटारवाल्यांनी कल्लोळ केला. बसची मार्गिका सर्व वाहनांना खुली करण्याची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. तरीही २०१५ साली सरकारने मार्ग मोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ मध्ये तो उखडण्यास आरंभ झाला. न्यायालयात टिकलेली योजना रस्त्यावर टिकली नाही!

अहमदाबादने वेगळी वाट धरली. १४ ऑक्टोबर २००९ रोजी तेथे 'जनमार्ग' सुरू झाला तो अवघ्या साडेबारा किलोमीटरवर. प्रारंभी रुंद रस्ते निवडले, कारभारासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि मार्गिकेत याच सेवेच्या बस धावतील असे ठरवले. आधी थोडे, पण नीट, विस्तार मागाहून.

यातून एकच धडा मिळतो. मार्गिका रंगाने वा कठड्याने टिकत नाही. तीतून भरलेल्या बस वारंवार धावत राहिल्या तरच ती टिकते. रिकामी मार्गिका लोकांना अन्याय वाटते, भरलेली बस तिचे समर्थन आपोआप करते. मात्र यशालाही किंमत असते. बोगोटात प्रवासी वाढले, तशी गर्दीही असह्य झाली आणि प्रवाशांचा रोष रस्त्यावर आला.

पुण्यात मार्च २०२२ पासून मेट्रो धावू लागली आहे. मग बीआरटीची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. मेट्रो मोजक्या मार्गांवरून जाते. घर ते स्थानक हे अंतर बसनेच कापावे लागते. म्हणून या दोन्ही व्यवस्था प्रतिस्पर्धी नसून परस्परपूरक आहेत. तिकीट एक, वेळापत्रक एक आणि बदलण्याची जागा जवळ, एवढे साधले पाहिजे.

उरलेला भाग समाजाचा आहे. बसच्या मार्गिकेत दुचाकी घालणारा कोणी परका नसतो. तो आपल्याच घरातील सुशिक्षित तरुण असतो. नगरसेवकाला रस्तारुंदीकरणाचे निवेदन देणाऱ्या कुटुंबाने बसफेऱ्या वाढवण्याचेही निवेदन द्यावे. पहाटे कामावर निघणारी मोलकरीण, कॉलेजात जाणारी मुलगी, रुग्णालयात निघालेले आजोबा यांची बस वेळेवर पोहोचणे, हीच नगराच्या प्रगतीची खरी कसोटी होय.