निरोप वेळेत पोचला

मायबाप हो, परीक्षिती राजाची गोष्ट तुम्हाला नवी नाही. ज्या गावात भागवत सप्ताह होतो तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. राजानं ध्यानस्थ शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला. त्यांच्या मुलानं, शृंगीनं, शाप दिला: सातव्या दिवशी तक्षक डसेल. पण राजाला हे कळलं कसं? महाभारतात आहे, खुद्द शमीकांनी शिष्य धाडून निरोप दिला. ज्याचा अपमान झाला, त्यानंच सावध केलं, बरं का!

आणि आपण काय करतो? ज्या आईनं नऊ महिने पोटात वागवलं, तिला कॅन्सर झाला, डॉक्टरांनी हात टेकले, की पोरं व्हरांड्यात कुजबुजतात. आत येऊन म्हणतात, आई, साधा अल्सर आहे, आठ दिवसांत घरी जायचं. त्या माउलीला कळत नाही होय? तुमचे उतरलेले चेहरे तिला दिसतात. मग तीही नाटक करते, तुमच्यासाठी! धाकट्या बहिणीशी धरलेला अबोला सोडायचा असतो, तो राहतो. कुणाचे उसने पैसे द्यायचे असतात, ते राहतात. एकदा पंढरीला जायचं असतं, तेही राहतं. सत्य तोंडावर आदळा असं मी म्हणत नाही. पण तिनं विचारलं तर खोटं बोलू नका. हात हातात घ्या, हळू सांगा.

कुणी म्हणेल, महाराज, सांगितलं तर आशाच संपेल. परीक्षितीची संपली का? महाभारतातला राजा एका खांबावर महाल बांधतो, वैद्य, औषधं, मंत्र जाणणारे गोळा करतो. भागवतातला तोच राजा पोरावर राज्य सोपवून गंगेकाठी बसतो. मला दोन्ही पटतात. उपचार जरूर करा. डॉक्टरांनी दुखणं थांबवायला मॉर्फिन दिलं तर घाबरू नका. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला नाम तरी कसं सुचावं? फक्त महालाच्या खटपटीत गंगेचा काठ विसरू नका.

तिथं राजानं शुकमुनींना काय विचारलं? मी वाचेन का, असं नाही विचारलं. मरणाऱ्या माणसानं काय ऐकावं, काय करावं, हे विचारलं. शुकमुनींनी खट्वांग राजाचा दाखला दिला. त्याला कळलं होतं, आयुष्य एक मुहूर्त उरलंय. मुहूर्त म्हणजे दोन घटका, 48 मिनिटं! तेवढ्यात सगळं सोडून तो हरीला शरण गेला. परीक्षितीजवळ तर सात दिवस होते.

48 मिनिटं, मायबाप. आपलं कीर्तन सुरू होऊन तेवढा वेळ झालाच असेल. मृदंगवाले महाराज, घ्या. रामकृष्णहरी!