गावकीच्या खोलीतून



मुंबईच्या गिरणगावात आपलं स्वागत. स्वागताध्यक्षाने चहापाणी-निवासाची चौकशी करावी आणि खाली बसावं, असा संकेत आहे. पण आजच्या सत्रांचा विषय स्थलांतर आणि व्यसनाचा ठेवल्यावर लालबाग-परळच्या माणसाला गप्प बसवणं कठीण.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याहून गिरणीत आलेला गडी बहुधा एकटा असे, बायकामुलं गावाला. राहायला गावकीची, म्हणजे एका गावच्या गड्यांची सामाईक खोली. भिंतीला ट्रंका, आडव्या दोरीवर कपडे, रातपाळीवाल्याची वळकटी उचलली की दिवसपाळीवाल्याची पडायची. तंबाखूची चंची सगळ्यांची. पगाराच्या दिवशी घेणारे घ्यायचे, पण कोपऱ्यातला कुणी म्हातारा म्हणायचा, ‘पुरे आता, नायतर तुझ्या बापाशीक कागद घालतंय!’ त्या खोलीचे गोडवे मला गायचे नाहीत. दारूपायी मनीऑर्डर चुकलेली घरं थोडी नव्हती. तरी कागदाचा धाक होता.

जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, कित्येक जण गावी गेले ते परतलेच नाहीत. त्याच दशकात वस्त्यांमध्ये गर्दच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या पुड्या आल्या. नशा त्याआधीही होतीच. आदिवासी पाड्यावर मोहाची दारू आधी देवाला, पितरांना दाखवतात, भांग महाशिवरात्रीची. प्रसंग ठरलेला, पंगत ठरलेली. पुडीला ना सण होता, ना ‘पुरे’ म्हणणारा म्हातारा.

आमच्या चाळीतल्या एका आईला मुलाच्या उशाखाली सिगारेटच्या पाकिटातले चंदेरी कागद सापडले, गर्द ओढल्याचे काळे ओघळ उमटलेले. तिला वाटलं, करणी. अंगारा झाला, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं झालं, मग ‘लगीन लावा, सुधारेल’ हेही झालं. तिसऱ्या उपायात एका परक्या मुलीचं आयुष्य पणाला लागतं, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. शिकलेले शेजारी म्हणत, संस्कार कमी पडले. मला विचाराल तर, करणी म्हणणारी आई अधिक बरी. दोष बाहेरचा आहे असं ती मानत होती, म्हणून मुलाला घराचं दार उघडं राहिलं. संस्कारवाल्यांनी ते केव्हाच लावून घेतलं असतं.

‘गावी नेला की सुटेल’ यालाही आपण हसतो. पण व्हिएतनाममध्ये जवळपास पाचातला एक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी शंभरातले जेमतेम पाच पुन्हा व्यसनात सापडले, असं ली रॉबिन्स या संशोधिकेला आढळलं. जागा बदलली की माणूस बदलू शकतो, हे गावच्या आजीला अभ्यासाविना ठाऊक होतं. अडचण पुढची आहे. सैनिकांना पुन्हा व्हिएतनामला जायचं नव्हतं. आमचा मुलगा मात्र गणपती झाले की त्याच नाक्यावर, त्याच दोस्तांत यायचा.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पाठबळ दिलं. व्यसन हा आजार आहे आणि उपचारात घरच्यांनाही बसवावं लागतं, हे त्यानंतर आमच्यासारख्यांच्या कानी पडू लागलं.

आता आमच्या खोल्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे बांधकाम मजूर राहतात. ‘हे आले आणि व्यसनं आली’, असं आमचीच मंडळी म्हणतात. आमच्या वडिलांबद्दलही जुने मुंबईकर असंच काही बोलत असतील! त्या मजुरांचा मुकादम त्यांच्या बापाला फोन करतो की उचल देऊन अड्डा दाखवतो, हे आपण अजून त्यांना विचारलेलंच नाही.

म्हणून दुपारच्या सत्रात नाक्यावरचे मजूर स्वतः बोलणार आहेत, भोजपुरी समजणारे कार्यकर्ते सोबत असतील. त्यांचा आजचा रोज समितीने भरून दिला आहे, पण चार वाजता त्यांना निघायचं आहे. तेव्हा सकाळच्या वक्त्यांनी कृपा करून घड्याळाकडे लक्ष ठेवावं.