घरी जायला आधार कार्ड लागतं



मी मूळची पुण्याची, सदाशिव पेठेतली. लग्न होऊन काशीला गेले त्याला एकोणतीस वर्षं झाली. आमचं घर अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. दशाश्वमेध, मग शीतला घाट, मग आमचा. तुमच्यापैकी जे कुणी काशीयात्रा करून आलेत ते आमच्या दारावरून गेलेच असणार. काही जण तर आमच्या पायरीवर बसून चपला शोधत होते, असंही असेल.

मला सांगितलं गेलं, की काशीत रोजचं राहणं कसं असतं त्यावर बोला. मी विचारलं, रोजचं म्हणजे अगदी रोजचं? सिलेंडर, माकडं, कपडे वाळत घालणं? म्हणाले, तेच. म्हटलं, मग येते. कारण काशीचं माहात्म्य सांगणारी माणसं पुष्कळ आहेत. एकनाथ महाराजांनी भागवतावरची टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच, झाशीची राणी काशीत जन्मली, हे सगळं आमच्या घाटावरचा फुगे विकणारा मुलगाही तुम्हाला सांगेल. आणि पैसे मागेल.

तर पहिली गोष्ट सिलेंडरची. आमच्या गल्लीत समोरून बैल आला तर माणसानं भिंतीला चिकटून उभं राहायचं, एवढीच तिची रुंदी. सिलेंडरची गाडी लांब बाहेर थांबते. तिथून माणूस तो खांद्यावर घेऊन येतो आणि वाटेत 'बचके, बचके' ओरडत असतो. फ्रिज आणला तेव्हा तो गल्लीच्या वळणावर अडकला. अर्धा तास अख्खी गल्ली बंद. दहा माणसं जमली, दहाही जणांनी सल्ला दिला, आणि शेवटी एका म्हाताऱ्यानं दार काढायला लावलं तेव्हा तो सुटला. फ्रिजचं दार. आमच्या घराचं नंतर काढावं लागलं.

दुसरी गोष्ट आवाजाची. शेजारी रोज संध्याकाळी गंगेची आरती होते. ती तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. फार सुंदर दिसते, खोटं कशाला बोलू? पण आरत्या दोन होतात, शेजारीशेजारी, दोघींचे ध्वनिक्षेपक वेगळे. आमच्या घरात दोन्ही पोचतात, एक या कानात, एक त्या कानात. माझी आई पुण्याहून फोन करायची तेव्हा मी तिला सांगून ठेवलं होतं, दिवेलागणीला करू नकोस. ती म्हणायची, अगं दिवेलागणीलाच तर आठवण येते.

तिसरी गोष्ट गर्दी. तिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

मी पहिल्यांदा आले तेव्हा श्रावण सोमवार, महाशिवरात्र, देव दिवाळी असे गर्दीचे दिवस मोजता यायचे. मधले दिवस आपले असायचे. १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथाच्या कॉरिडॉरचं उद्घाटन झालं, आणि त्यानंतर मधले दिवस संपले. आता मंगळवारही सोमवारसारखा असतो. मोठ्या सणाला गोदौलियापासून बॅरिकेड लागतात. मी भाजीची पिशवी घेऊन उभी, आणि पोलीस मला सांगतो, 'माताजी, उधर से जाइए, दर्शन की लाइन उधर है.' मी म्हणते, दर्शन नको, कुकर लावायचाय. मग आधार कार्ड काढायचं, पत्ता दाखवायचा, तेव्हा घरी जायला मिळतं. माझ्या भाजीच्या पिशवीत आधार कार्ड कायम असतं, कोथिंबिरीखाली.

आता यात एक गोम आहे, ती मी लपवत नाही. आमचं पोट याच गर्दीवर आहे. घरातल्या तीन खोल्या आम्ही मराठी यात्रेकरूंना उतरायला देतो. माझे सासरे द्यायचे, त्यांचे वडील द्यायचे. सांगली, नांदेड, बेळगाव, इंदूर, कुठून कुठून लोक येतात. सकाळी पोहे, दुपारी वरणभात. म्हणजे गर्दीला शिव्या देत मी खिडकीतून बघत असते, की आपले पाहुणे आले का.

सुखं पण सांगते, नाहीतर वाटेल ही बाई नुसती कुरकुर करायला आली. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. समोर पलीकडे रेती, वस्ती नाही. त्यामुळे सूर्य उगवतो तो सरळ आमच्या स्वयंपाकघरात. थंडीत त्या उन्हात उभं राहून पहिला चहा प्यायचा. थंडीतच मलइयो मिळतो. दूध रात्रभर उघड्यावर, दवात ठेवतात, पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात, केशर-वेलची घालून कुल्हडमध्ये देतात. तोंडात घातला की गेला, काही उरतच नाही. ऊन चढलं की संपतो. माझ्या पुण्याच्या बहिणीला तो आवडला नाही. म्हणाली, हे म्हणजे हवेचे पैसे झाले. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आणि पूर. पूर हे सुख की दुःख, मला अजून ठरवता आलेलं नाही. राजघाटावर पाण्याची पातळी मोजतात. इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२, आणि आजवरची सगळ्यात जास्त ७३.९०१, १९७८ सालची. ऑगस्टमध्ये आमच्या घरात हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतात. 'किती झालं?' 'सत्तर पॉइंट आठ.' 'वाढतंय?' 'तासाला दोन सेंटिमीटर.' पाणी पायरी पायरी वर येतं, घाट दिसेनासे होतात, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट बंद होते, होड्या बंद होतात, आरती गच्चीवर जाते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये धोक्याची पातळीही ओलांडली. त्या दिवसांत पाहुणे नाहीत, कमाई नाही, पण घाटाच्या बाजूला एवढी शांतता असते, की रात्री भिंतीला लागणाऱ्या पाण्याचा आवाज येतो. मग पाणी उतरतं आणि खाली राहतो गाळ. पुरुषभर उंचीचा. तो ओला असतानाच पंपानं नदीचंच पाणी मारून परत नदीत ढकलायचा. एकदा वाळला की कुदळीशिवाय निघत नाही. पायऱ्या एकेक करून बाहेर येतात. सासूबाई खिडकीतून मोजतात.

सासूबाई आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. काशीतच जन्मल्या, दुर्गा घाटाला, तिकडे आणि ब्रह्मा घाटाला मराठी घरं पुष्कळ. त्यांचं मराठी तुम्ही ऐकायला हवं. 'अगं, ती दिक्कत नको करूस', 'मला तो पसंद नाही', असं. पण पुरण आणि शिव्या शुद्ध मराठी.

शिव्यांचं कारण एक नावाडी. आमच्या घाटाखाली त्याच्या होड्या लागतात. सासूबाई गेली चाळीस वर्षं घाटाच्या पायऱ्यांवर लुगडी वाळत घालतात, आणि त्याची गिऱ्हाइकं त्यावरून जातात. कधी फोटो काढतात. उन्हाळ्यात तो होड्या वर ओढून त्यांची दुरुस्ती करतो, दुपारभर ठोकाठोकी. यावरून दोघांची भांडणं. सासूबाई मराठीत, तो भोजपुरीत. चाळीस वर्षांत झालं असं, की तो मराठी शिकला. पण शिकला कुणाकडून? सासूबाईंकडून, आणि त्याही भांडताना. त्यामुळे त्याचं सगळं मराठी रागावलेलं आहे. कोल्हापूरच्या एका मंडळींना तो होडीसाठी बोलावत होता, 'या इकडे! काय बघत उभे राहिलात? अक्कल आहे का? बसा!' ती माणसं घाबरून बसली की हो. सासूबाईंना तो आजी म्हणतो, त्या त्याला मेल्या म्हणतात. त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत आहे की नाही, मी कधी विचारलं नाही.

२०२५ चा फेब्रुवारी. प्रयागला महाकुंभ चालू होता, आणि तिथून निघालेला प्रत्येक माणूस काशीला येत होता. आमची गल्ली दोन्ही तोंडांनी भरलेली. दूधवाला चार दिवस आला नव्हता. सकाळी अकराच्या सुमाराला न्हाणीघरातून आवाज आला. मी धावले, तर सासूबाई खाली. पाय वाकडा. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते नंतर कळलं, पण बघूनच समजत होतं.

अँब्युलन्सला फोन केला. तो माणूस म्हणाला, गोदौलियाच्या बाहेरपर्यंत येऊ शकतो, तेही कधी ते सांगता येत नाही, तुम्ही पेशंटला तिथपर्यंत आणा. आणा म्हणजे कसं? गल्लीत मुंगी शिरणार नाही. आमचे हे दारात उभे राहून लोकांना हात जोडत होते, 'भाईसाब, मरीज है.' लोक वाट द्यायला तयार होते हो. पण मागचा माणूस पुढच्याला ढकलतोय, त्याला काय दिसणार? एकोणतीस वर्षांत मला त्या शहराचा राग पुष्कळदा आला. भीती त्या दिवशी वाटली. वाटलं, ही बाई इथेच, एका भिंतीआड, लाखो माणसांच्या मध्ये पडून राहणार.

मी घाटाकडच्या खिडकीतून खाली बघितलं. तो होता. मी हाक मारली, काय म्हणाले ते आठवत नाही. तो आणि त्याची दोन मुलं वर आली. खुर्ची आणली, पण त्यानं मान हलवली, म्हणाला हलेल. बाजेवरून गादीसकट उचललं, लुगड्यांनी बांधलं, तीच वाळत घातलेली लुगडी, आणि चौघांनी घाटाच्या पायऱ्यांवरून खाली आणलं. पायऱ्या उतरताना एक जण उलटा चालत होता. होडीत यात्रेकरू बसलेले होते, पैसे देऊन. 'उठा, उतरा!' म्हणाला. ते उतरले. एक बाई उतरताना सासूबाईंच्या अंगावर स्वतःची शाल टाकून गेली. कोण, कुठली, माहीत नाही. शाल घरी आहे.

असी घाट आमच्यापासून दोन-अडीच किलोमीटर, प्रवाहाच्या उलट. मुलानं अँब्युलन्सला तिकडे बोलावलं. मुन्शी घाट, दरभंगा, राणा महाल, चौसट्टी. इंजिनच्या हादऱ्यानं सासूबाई कण्हत होत्या, म्हणून त्यानं वेग कमी केला. नागपूरच्या दिवाणाचा घाट, पेशव्यांच्या अमृतरावांचा घाट, हे एरवी मी पाहुण्यांना हात करून दाखवते. त्या दिवशी मी फक्त पुढचा घाट, पुढचा घाट, असं मोजत होते. हरिश्चंद्र घाट आला. तिथे चिता जळत होत्या. सासूबाईंनी डोळे उघडले, धूर बघितला आणि म्हणाल्या, 'मेल्या, इथे थांबवू नकोस रे, पुढे ने.'

तो म्हणाला, 'गप बसा. तोंड बंद.' आणि रडत होता.

ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं. त्या वाचल्या. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण उतरवलेल्या गिऱ्हाइकांचे घेतले, कारण ते त्यांना परत द्यावे लागले होते, असं म्हणाला. मला ते पटलं.

आता तुम्हाला वाटेल, छान शेवट झाला. शेवट झालेला नाही. सासूबाईंना पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत. वर्ष झालं, त्या दुसऱ्या मजल्यावरून खाली आलेल्या नाहीत. माझा मुलगा इथे पुण्यात नोकरी करतो. तो म्हणतो, आई, त्या दिवशी होडीवाला जेवायला गेला असता तर? बरोबर आहे त्याचं. पुरात झालं असतं, होड्या बंद असताना, तर? त्याचंही माझ्याकडे उत्तर नाही. घराला गिऱ्हाईक आलंय, त्याला तिथे हॉटेल करायचंय, आणि किंमत अशी देतोय की आमचे हे दोन रात्री झोपले नाहीत. कँट स्टेशनपासून गोदौलियापर्यंत रोपवेची पायाभरणी २०२३ मध्ये झाली. पण गोदौलियापासून आमच्या जिन्यापर्यंत आणणारं काही कुणी बांधणार नाही.

या खेपेला मी पुण्याला आले ती या भाषणासाठी, आणि कोथरूडमधला एक फ्लॅट बघायला. काल बघितला. तळमजला आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, अँब्युलन्स दारात उभी राहते. रात्री सासूबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'खिडकीतून काय दिसतं?' मी म्हटलं, समोरच्या इमारतीचं पार्किंग. त्या काही बोलल्या नाहीत. फोनमधून ठोकाठोकीचा आवाज येत होता. मी विचारलं, इतक्या रात्री काय चाललंय? तर म्हणाल्या, थांब जरा, आणि फोन कानाला तसाच धरून खिडकीतून ओरडल्या. काय ओरडल्या ते इथे सांगण्यासारखं नाही.

मी परवा परत जातेय. गिऱ्हाइकाला महिनाअखेर कळवायचंय.