रिकाम्या जागेपासून पुढच्या गोष्टीपर्यंत : चिनी शाळांतलं इंग्रजी



दरवर्षी ८ जूनला दुपारी तीन वाजता चीनमधल्या परीक्षा केंद्रांच्या आसपास हॉर्न आणि बांधकामाची यंत्रं बंद ठेवायला लावतात. आत इंग्रजीचा पेपर सुरू झालेला असतो. ही गाओकाओ, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नावं नोंदवली होती. चिनी भाषा, गणित आणि परकी भाषा या विषयांना प्रत्येकी १५० गुण असतात. परकी भाषा म्हणून जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते, पण बहुसंख्य मुलं इंग्रजीच घेतात.

इतक्या मुलांना व्याकरण कसं शिकवायचं, हे चीनमध्ये पाठ्यपुस्तकाइतकंच प्रश्नपत्रिकेनं ठरवलं. गेल्या वीसेक वर्षांत तिथल्या प्रश्नपत्रिकेनं व्याकरणाची जागा बदलली. सुट्या वाक्यातून ते उताऱ्यात आलं आणि उताऱ्यातून मुलांच्या लेखनात. हा बदल योग्य दिशेचा आहे. तो अर्ध्यावर का अडतो, तेही पाहायला हवं.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली गाओकाओ डिसेंबर १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. ५७ लाख उमेदवार बसले आणि जेमतेम पावणेतीन लाखांना प्रवेश मिळाला. तेव्हा इंग्रजीचे गुण सगळ्यांना लागू नव्हते. पुढे ते टप्प्याटप्प्यानं वाढवत नेले आणि १९८३ पासून पूर्ण धरले जाऊ लागले. जिआंग्सू प्रांतातल्या खेड्यातला यू मिनहोंग हा मुलगा याच काळातला. तो तीनदा परीक्षेला बसला. पहिल्या वर्षी इंग्रजीत ३३ गुण, दुसऱ्या वर्षी ५५, आणि १९८० साली तिसऱ्या खेपेला ९५. त्याला पेकिंग विद्यापीठात इंग्रजीला प्रवेश मिळाला. त्यानंच १९९३ साली ‘न्यू ओरिएंटल’ ही चीनमधली सर्वांत नावाजलेली शिकवणी संस्था काढली. इंग्रजीच्या गुणांवर आयुष्याची दिशा बदलते, हे त्या पिढीनं स्वतः अनुभवलं होतं.

चिनी मुलाला इंग्रजी व्याकरण इतकं जड का जातं? चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही आणि कर्त्याप्रमाणेही नाही. क्रिया पुरी झाली, चालू आहे की अनुभवून झाली, हे ‘ल’, ‘जं’, ‘ग्वो’ अशा छोट्या शब्दांनी दाखवतात. ‘तो’ आणि ‘ती’ लिहिताना वेगळे, बोलताना मात्र दोन्ही ‘ता’. त्यामुळे वरच्या इयत्तेतली मुलंसुद्धा बोलताना ‘ही’ आणि ‘शी’ यांची गल्लत करतात. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांना चिनीत जोड नाही, तशी मराठीतही नाही. ‘जरी’ आला की ‘तरी’ यायलाच हवा, ही सवयही दोन्ही भाषांना आहे. म्हणूनच वुहानमधला विद्यार्थी ‘ऑल्दो’नं सुरू केलेल्या वाक्यात मध्येच ‘बट’ घालतो आणि नाशिकमधलाही तेच करतो.

खरी अडचण क्रियापदांच्या गर्दीत आहे. चिनीत दोन-तीन क्रियापदं रूप न बदलता एकामागून एक येऊ शकतात. इंग्रजीत मुख्य क्रियापद एक, बाकीच्यांना ‘इंग’, ‘एड’ किंवा ‘टू’ जोडून दुय्यम व्हावं लागतं. मराठी माणसाला ‘करून’, ‘करताना’, ‘केलेलं’ ही रूपं जन्मापासून कानावर असल्यानं ही कल्पना तरी ओळखीची असते. चिनी विद्यार्थ्याला ती मुळापासून उभी करावी लागते. तिथल्या अकरावी-बारावीच्या वर्गात काळ, दुय्यम क्रियापदं आणि गौण वाक्यं या तीन प्रकरणांवर सर्वाधिक वेळ जातो, तो यामुळे. शिक्षकांनी त्यावर एक पद्धत बसवली आहे. लांब वाक्य फळ्यावर लिहायचं, मुख्य क्रियापदाखाली रेघ ओढायची, गौण वाक्याला कंस करायचा आणि तो कंस कोणत्या नामाला लागतो ते बाणानं दाखवायचं. ‘मी काल वाचलेलं पुस्तक’ या रचनेत वर्णन आधी आणि नाम नंतर येतं. चिनीतही तसंच. इंग्रजीत नाम आधी आणि वर्णन मागून. हा उलटा क्रम डोळ्यांना सरावाचा होईपर्यंत वाचनाला वेग येत नाही.

पूर्वी हे सगळं एका ओळीच्या प्रश्नांत तपासलं जाई. एक वाक्य, एक रिकामी जागा, चार पर्याय. मुलं शेकडो असे प्रश्न सोडवत आणि नियमांचे अपवाद तोंडपाठ करत. २००७ साली ग्वांगडोंग प्रांतानं त्याऐवजी सलग उताऱ्यातल्या रिकाम्या जागा आणल्या. २०१४ साली राष्ट्रीय प्रश्नपत्रिकांनीही तोच मार्ग धरला. आता साधारण दोनशे शब्दांचा उतारा असतो आणि त्यात दहा जागा. काही जागांशेजारी मूळ शब्द दिलेला असतो, काहींशेजारी काहीच नसतं. पर्याय नाहीत. विषय बहुधा चिनी संस्कृतीचा किंवा निसर्गाचा. २०२२ च्या एका प्रश्नपत्रिकेत राक्षसी पांडांच्या राष्ट्रीय उद्यानावर उतारा होता, २०२३ च्या प्रश्नपत्रिकेत शिआव लोंग बाव या रस्सा भरलेल्या वाफाळत्या मोदकांवर.

रिकाम्या जागेशेजारी ‘लिव्ह’ एवढाच शब्द असेल, तर विद्यार्थ्यानं काय करायचं? वाक्यात मुख्य क्रियापद आधीच आहे का ते शोधायचं. असेल तर ‘लिव्हिंग’ लागू शकतं. नसेल तर काळ ठरवायचा, आणि तो मागच्या दोन वाक्यांवरूनच ठरतो. म्हणजे वाचल्याशिवाय व्याकरण सुटत नाही. या प्रश्नाला १५० पैकी १५ गुण आहेत. वाचनाला त्याच्या तिपटीहून जास्त, ५०. त्यात चार उतारे आणि पाचवा एक कोड्यासारखा प्रश्न असतो. लेखातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात आणि दिलेल्या सातांतून योग्य ती परत बसवायची असतात.

श्रोतेहो, सर्वांत धाडसी बदल त्यानंतरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये झेजियांग प्रांतानं ‘वाचून पुढे लिहा’ हा प्रश्न आणला. सुमारे साडेतीनशे शब्दांची अर्धी गोष्ट दिलेली असते. पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं छापलेली असतात आणि विद्यार्थ्यानं दीडशेच्या आसपास शब्दांत गोष्ट पुरी करायची. २५ गुण. नव्या पद्धतीच्या प्रश्नपत्रिकेबरोबर तो नंतर शांडोंग, ग्वांगडोंग, जिआंग्सू, हुबेई अशा प्रांतांत पोचला. त्यामागे ग्वांगडोंगमधले भाषाशास्त्रज्ञ वांग चुमिंग यांचा विचार आहे. दुसऱ्याचा मजकूर समजून घेऊन तो पुढे नेताना शिकणाऱ्याची भाषा त्या मजकुराच्या पातळीकडे ओढली जाते, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट भूतकाळात असेल तर उत्तरही भूतकाळात हवं. कुत्रा पहिल्या परिच्छेदात घाबरलेला असेल तर तिसऱ्यात तो कारणाशिवाय शूर होता कामा नये. इथे काळ आणि सर्वनाम चुकलं की गोष्टच बिघडते. बोर्डाच्या पेपरातलं ‘डू ॲज डायरेक्टेड’ सोडवत वाढलेल्या मराठी शिक्षकांनी हा प्रश्न एकदा वर्गात घेऊन पाहण्यासारखा आहे.

पण सराव ही चिवट गोष्ट आहे. सकाळी पहिल्या तासाआधी सगळा वर्ग मोठ्यानं पाठ म्हणतो. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवून कारणासह लिहितात. संध्याकाळी शाळेतच स्वाध्याय, आणि बाकावर ‘पाच वर्षांची गाओकाओ, तीन वर्षांचे सराव पेपर’ या नावाचा जाडजूड संच. या शिस्तीत खरं बळ आहे. चुकांची वही तर कुठल्याही देशातल्या शाळेनं उचलावी अशी आहे. मात्र याच यंत्रानं गोष्टीचंही साचेबंद उत्तर बनवलं. डोळे भरून येणं, छाती धडधडणं, सूर्यप्रकाश चेहऱ्यावर पडणं अशा वाक्यांच्या याद्या मुलं पाठ करतात आणि मिळेल त्या गोष्टीत चिकटवतात. शहरातल्या मुलाजवळ निदान इंग्रजी पुस्तकं आणि चित्रपट असतात. तालुक्याच्या शाळेतल्या मुलाजवळ बहुधा छापील सराव पेपरच असतो, आणि गोष्ट पुढे न्यायला आधी पुष्कळ गोष्टी वाचलेल्या असाव्या लागतात.

याचं उत्तर चीनच्याच अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. २०१७ च्या उच्च माध्यमिक इंग्रजी अभ्यासक्रमानं वर्गाबाहेरच्या वाचनाचं किमान प्रमाण ठरवलं आहे. सक्तीच्या टप्प्यात आठवड्याला १५०० शब्द, त्यापुढच्या टप्प्यात २५००. १५०० शब्द म्हणजे परीक्षेच्या मापानं दोनशे शब्दांचे सात-आठ उतारे, पुस्तकाच्या मापानं छोट्या कादंबरीचं एखादं प्रकरण. या वाचनाला स्वतंत्र गुण नाहीत, म्हणून शेवटच्या वर्षी सराव पेपरांचा ढीग वाढला की पहिली कात्री त्यालाच लागते. ती लागू नये. संध्याकाळच्या स्वाध्यायातला एक तास त्यासाठी राखून ठेवावा, तालुक्याच्या शाळांना सराव संचांआधी सोप्या इंग्रजी कादंबऱ्यांची पेटी द्यावी, आणि त्या तासाला प्रश्न विचारू नयेत. तेवढी सवलत मिळाली तर परीक्षेतली अर्धी गोष्ट पुरी करायला मुलांना वाक्यांची यादी लागणार नाही.