संध्याकाळचे सात

दारू सोडल्याची गोष्ट माणसं बहुधा शेवटाकडून सांगतात. मी आज सुरुवातीचं सांगणार आहे, पहिल्या तीन-चार आठवड्यांचं. बरीच माणसं तिथूनच परत फिरतात.

२०११ सालच्या पावसाळ्यात एका सकाळी अम्मीनं चहा दिला आणि माझ्या हातात कपबशी वाजायला लागली. "हाथ कायकू काँपते रे तेरे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, थंडी वाजतेय. खरं काय ते तिलाही ठाऊक होतं. आमच्या मोहल्ल्यात 'आपल्यात कुणी पीत नाही' हे धरूनच चालतात. त्यामुळे पिणारा लपून पितो आणि सोडणाऱ्यालाही लपूनच सोडावी लागते. मदत मागायची तर आधी कबुली द्यावी लागते ना!

मी तेच केलं. रोज दोन क्वार्टर पिणारा मी, त्या दिवसापासून कुणाला न सांगता एकदम बंद. हा शहाणपणा नव्हता. दुसऱ्या रात्री अंथरूण घामानं भिजलं, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. मुंग्या नव्हत्याच. बायकोनं तिच्या भावाला बोलावलं, त्यानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, आणि मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दारू अचानक काढली, की तो जोर तसाच उरतो. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना असा भ्रम होतो की जिवावर बेततं. मला औषधं दिली ती रोज थोडी थोडी कमी करत, शिवाय बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. रोज भरपूर पिणाऱ्यानं सोडायचं ठरवलं तर आधी डॉक्टर गाठावा, एवढं माझं ऐका.

आठवड्याभरात शरीर बरंचसं निवळलं. मग उरले संध्याकाळचे सात. ऑफिस सुटलं की पाय आपोआप त्या गल्लीकडे वळायचे. मी रस्ता बदलला, भाजी मंडईतून लांबून यायला लागलो. पोट रिकामं असलं की तलफ दुप्पट, हे कळल्यावर खिशात गूळ-शेंगदाणे ठेवले. तलफ आली की वाटायचं, आता ही जाणारच नाही. पण अर्ध्या तासात ओसरायची. झोप मात्र तीन आठवडे धड लागली नाही.

पुण्याच्या मुक्तांगणचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं. मी तिथं दाखल झालो नाही. आमच्या गावात एका शाळेच्या वर्गात भरणाऱ्या मीटिंगला जायला लागलो. लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचं. तिथं 'फक्त आजचा दिवस' म्हणतात. मला कवी म्हणून ते वाक्य फारच साधं वाटलं होतं. स्वतःचं नाव सांगून 'मी दारुडा आहे' म्हणायला मला तीन मीटिंगा लागल्या. नाव ऐकून कुणीही मान वर केली नाही.

खरी भीती वेगळीच होती. वीस वर्षं मी पिऊनच लिहीत आलो होतो. साकी, प्याला हे सगळं गझलेत येतंच. मी त्याचा फारच शब्दशः अर्थ घेतला होता. सतराव्या दिवशी एका मैफलीत जुन्या मित्रानं ग्लास पुढे केला, "एवढ्यानं काय होतंय?" मी म्हणालो, औषध चालू आहे. ते खोटंही नव्हतं. कविता वाचताना कागद थरथरला, दाद बेताचीच मिळाली, आणि मी नऊच्या आत घरी आलो.

अम्मी जागी होती. तिनं पेन्शनचा फॉर्म पुढे केला, पूर्वी तो शेजारच्या मुलाकडून भरून घ्यायची. मी चष्मा लावला आणि विचारलं, "अब्बांचं नाव पूर्ण लिहायचं का?"