या, टेका जरा!

(बारामती येथील एका वाचनालयाच्या वार्षिकोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



व्याख्यानाचा विषय काय ठेवायचा, असे संयोजकांनी दूरध्वनीवरून विचारले तेव्हा मी ‘ओसरीवर बसणे’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. पत्रकार येणार म्हणजे राजकारणावर, उसाच्या दरावर, नाहीतर पाण्याच्या वाटपावर बोलणार, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत या तिन्ही विषयांना कधी तोटा पडलेला नाही. परंतु जवळपास तीस वर्षे याच विषयांवर लिहीत आल्यानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. मला ज्यांनी खरे काही सांगितले, ती माणसे कचेरीत फारशी भेटली नाहीत. ती आपापल्या ओट्यावर बसलेली होती आणि मलाही त्यांनी तेथेच बसवून घेतले होते. म्हणून आज त्या बसण्याविषयीच बोलावे, असे मनात आले.

माझ्या आजोबांचे घर इंदापुरातले. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद आणि पुढे तीन खणांची ओसरी. आपला हा मुलूख पर्जन्यछायेतला, अवर्षणाचा. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लहान ठेवलेल्या, त्यामुळे माजघरात भर दुपारीही अंधार असे. उजेडात करायची सारी कामे ओसरीवर होत. धान्य निवडणे, सुपारी कातरणे, पत्र लिहिणे, मुलांचा अभ्यास, आलेल्याशी बोलणे, सगळे तिथेच. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या भिंती संध्याकाळी ऊब सोडू लागल्या की आत बसवत नसे. मग अंगणात पाणी शिंपडायचे, ओसरीवर घोंगडी पसरायची आणि खांबाला पाठ टेकून बसायचे. पश्चिमेकडून वारा सुटे. ओल्या मातीचा वास येई. त्या बसण्याला हेतू नसे आणि बसलेल्याला कोणी त्याचा हेतू विचारतही नसे.

या ओसरीच्या रचनेत मोठे शहाणपण आहे. तिचे जोते साधारण मांडीइतके उंच असते. त्यामुळे वर मांडी घालून बसलेला माणूस आणि रस्त्याने चालत जाणारा माणूस यांचे डोळे जवळजवळ एका पातळीवर येतात. कोणाला मान वर करावी लागत नाही, कोणाला खाली वाकून पाहावे लागत नाही. ओसरी घराचीच असते, तरी तिला दार नसते. तेथे येण्यासाठी कडी वाजवावी लागत नाही, आधी कळवावे लागत नाही, काम असावे लागत नाही. आणि निघतानाही फारसे काही सांगावे लागत नाही.

आमच्या ओसरीवरचे संध्याकाळचे संभाषण मला अजून ऐकू येते.

“काय अण्णा, बसलाय व्हय?”

“बसलोय. ये, टेक जरा.”

“येतो की. म्हशी बांधतो अन् येतो.”

आता पाहा, अण्णा बसलेले आहेत हे विचारणाऱ्याला दिसत होते. म्हशी बांधून तो परत येईलच असेही नव्हते. या प्रश्नोत्तरांत माहिती म्हणून काहीच नाही. तरीही रोज संध्याकाळी दहा-पंधरा जणांशी हाच संवाद होई आणि त्यांपैकी एखादा दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी आजोबा काठी घेऊन त्याच्या घरी जात. “तुम्ही आहात, हे मी पाहिले,” एवढेच ती वाक्ये सांगत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणाने ग्रासले आहे. तो अहवाल वाचताना मला ‘बसलाय व्हय?’ हा प्रश्न आठवला.

आपल्या भाषेच्या इतिहासातही या जागेचा मान मोठा आहे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ठेवा. त्यात श्रीचक्रधरस्वामी कोठे बसले, कोठे आसन झाले, याच्या नोंदी किती जिव्हाळ्याने ठेवलेल्या आहेत! महानुभाव पंथाने ती स्थाने ओट्यांच्या रूपाने आजवर जपली. थोर पुरुष कोठे लढला हे सगळेच समाज लक्षात ठेवतात, पण तो कोठे निवांत बसून लोकांशी बोलला, हेही आपल्याकडे तितक्याच आदराने लक्षात ठेवले गेले. आपल्या बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत राहिले. त्यांच्या आर्या पुराणिकांच्या आणि कीर्तनकारांच्या मुखातून महाराष्ट्रभर गेल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही ओठांवर त्या बसल्या, कारण ऐकायला बसण्याच्या जागा गावोगाव होत्या. देवळाचा सभामंडप, पिंपळाचा पार आणि घरची ओसरी.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की, मी जुने ते सारे सोने म्हणून सांगायला आलो आहे. तसे नाही. ओसरीचे सुख सर्वांच्या वाट्याला येत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

माझी आजी त्या ओसरीवर कधी निवांत बसलेली मी पाहिली नाही. पहाटे ती ओसरी सारवायची आजीने, पानाचे तबक मांडायचे आजीने, पण आजोबा आणि त्यांची मंडळी बसलेली असताना तिची जागा माजघराच्या उंबऱ्याच्या आत. वर्षातून एक दिवस मात्र हा नियम मोडे. आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापुरात येई. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आणि धोतरांच्या पायघड्या, बेलवाडीचे आणि इंदापूरचे गोल रिंगण आपण सारे जाणता. मला आठवते ती रिंगणानंतरची संध्याकाळ. आमच्या ओसरीवर वारकरी मायमाउल्या पाय पसरून बसलेल्या असत आणि त्यांच्यामध्ये, खांबाला पाठ टेकून, माझी आजी! आजोबा त्या दिवशी अंगणात उभे असत. आजीच्या चेहऱ्यावर जे समाधान त्या एका संध्याकाळी दिसे, ते तिला उरलेले तीनशे चौसष्ट दिवस का मिळू नये, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आज पडतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. गावगाड्यातील काही माणसे आमच्या ओसरीच्या पायरीखालीच थांबत. त्यांच्याशी आजोबा प्रेमाने बोलत, अडीअडचणीला धावूनही जात, पण ‘ये, टेक जरा’ हे शब्द त्यांच्यासाठी नव्हते. माझे वडील शाळामास्तर होते. त्यांच्या वर्गातील एक मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याचे वडील ही वार्ता सांगायला आले आणि सवयीने पायरीखाली उभे राहिले. माझे वडील उठले, खाली उतरले, त्यांचा हात धरून त्यांना वर आणले आणि घोंगडीवर आपल्या शेजारी बसवले. आजोबा काही बोलले नाहीत. उठून आत गेले. आजीने चहा आणला, तो दोघांनी घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गृहस्थ रस्त्याने जाताना दिसले. ओसरीवर आजोबा एकटेच होते. बराच वेळ ते त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “ये, टेक जरा.”

माझ्या लेखी आमच्या घराच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा दिवस आहे. घर तेच राहिले, खण तीनच राहिले, पण ओसरी मोठी झाली.

यानंतर काळ पालटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला तेव्हापासूनच या भागाचे रूप बदलू लागले होते. पुढे साखर कारखाने आले, वालचंदनगर वसले, बारामतीत औद्योगिक वसाहत उभी राहिली. सुबत्ता आली, हे चांगलेच झाले. मातीच्या घरांच्या जागी बंगले झाले. बंगल्याला कुंपण आले, फाटक आले, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आली. आणि गंमत पाहा! इंग्रजीत ‘पोर्च’ म्हणतात तो घरापुढचा बसायचा ओटा. आपण तो शब्द घेतला, पण आपल्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये मोटार उभी असते. मोटारीला ओसरी मिळाली, माणसाची मात्र गेली.

काहींची ओसरी तर घरादारासकट गेली. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. २०१६ च्या कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, तेव्हा मी वार्तांकनासाठी पळसदेवच्या बाजूला गेलो होतो. जुने देऊळ उघडे पडले होते. भेगाळलेल्या गाळात दगडी जोत्यांच्या रेषा दिसत होत्या. त्यांपैकी एका जोत्यावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच बसले होते. डोक्यावर छप्पर नाही, पाठीला भिंत नाही. मी वही काढली आणि पाणीसाठ्याविषयी विचारू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि शेजारचा दगड पंचाने झटकला.

“या सायेब, टेका जरा. ही आमची वसरी.”

मी बसलो. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. घर बुडून पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, तरी त्यांचे यजमानपण बुडाले नव्हते. त्या दिवशीची बातमी पाणीसाठ्याची छापून आली. ही गोष्ट मी आज प्रथमच सांगतो आहे.

आणि आता एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घरची. निवृत्तीनंतर, २००९ साली, मी वडिलांना पुण्याला माझ्याकडे घेऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावरची सदनिका. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक खुर्ची दाराबाहेर जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत ठेवली आणि संध्याकाळी ते तेथे बसू लागले. येणारे-जाणारे विचारीत, “काका, काही हवे आहे का? किल्ली विसरलात का?” शहरात दाराबाहेर बसलेला माणूस अडचणीतच असणार! हळूहळू लोकांना सवय झाली. मुले त्यांच्याजवळ थबकू लागली. ते प्रत्येकाला विचारीत, “कितवीत आहेस?” मग एके दिवशी गृहरचना संस्थेचे पत्र आले, की सामाईक जागेत सामान ठेवू नये. पत्र नियमाला धरून होते. आगीच्या वेळी जिना मोकळा असलाच पाहिजे. वडिलांनी मुकाट्याने खुर्ची आत आणली.

मी त्यांना म्हटले, “बाबा, गॅलरीत बसत जा.” आणि बोलताबोलताच मला आठवले की, गॅलरी आता नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी मीच ती काचा लावून बंद करून घेतली होती. तेथे कपडे धुण्याचे यंत्र होते.

२०१३ साली वडील गेले. भेटायला आलेल्यांमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा होता. त्याला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “जिन्यातल्या आजोबांना सांगायचे राहिले. मी आता आठवीत आहे.”

बंधुभगिनींनो, ज्या माणसाने आपल्या घरची ओसरी दुसऱ्यासाठी मोकळी केली, त्याला त्याच्या उतारवयात मी एक खुर्चीभर ओसरी देऊ शकलो नाही. ही खंत मला आयुष्यभर पुरेल. म्हणूनच मी आज हा विषय मागून घेतला.

मातीची घरे पुन्हा बांधा, असे मी म्हणणार नाही. परंतु नवे घर बांधताना फाटकाच्या बाहेरच्या अंगाला हातभर रुंदीचा एक दगडी कट्टा बांधायला काय खर्च येतो? गृहरचना संस्थेने तळमजल्यावर, जिन्याची वाट न अडवता, दोन बाके ठेवायला किती जागा लागते? वडिलांसाठी मी हे सुचवू शकलो असतो. मला ते सुचले नाही. आणि कट्टा बांधला तर तो केवळ ज्येष्ठ पुरुषांचा राहू नये. घरच्या सुनेने तेथे पाच मिनिटे हात रिकामे ठेवून बसावे. घरकामाला येणाऱ्या ताईंनी निघताना तेथे टेकावे. सामान पोहोचवायला आलेल्या तरुणाने उन्हातून आल्यावर तेथे पाणी प्यावे. ओसरीची लांबी-रुंदी खणांवरून ठरत नाही, आपण ‘या, टेका’ हे शब्द कोणाकोणाला म्हणतो, यावरून ठरते.

संध्याकाळ झाली आहे. बाहेर वारा सुटला असेल. आपण घरी जाल तेव्हा दूरदर्शन संच लावण्यापूर्वी थोडा वेळ दाराशी बसा. काहीही करू नका. रस्त्याने कोणी ओळखीचे गेले तर बसल्या जागेवरून हाक मारा. तो थांबेल, न थांबेल. आपण हाक मारलेली असेल, एवढे पुरे आहे.