सही आली, पुढं काय?



आपण सही शिकलो. आता पुस्तकं कशाला, असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. त्यांना आम्ही एक गोष्ट सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहर आहे. तिथं १९९५ साली अर्ल शॉरिस या लेखकानं गरीब वस्तीतल्या लोकांसाठी वर्ग काढला. फी नाही. पुस्तकं फुकट. गाडीभाडंही मिळे. शिकवलं काय? हातकाम नव्हे, तर इतिहास, काव्य, कलेचा इतिहास आणि तत्त्वज्ञान!

गरिबाला हे कशाला? शॉरिस यांचं म्हणणं असं, की गरिबाला विचार करायला उसंतच मिळत नाही. तो विचार करू लागला, की चारचौघांत आपलं म्हणणं मांडू लागतो.

पुढं असे वर्ग इतर देशांतही निघाले.

हातकामानं पोट भरतं. पण ग्रामसभेत उठून 'असं का?' विचारायला विचारच लागतो. म्हणून आपण सहीवर थांबायचं नाही.